सांजखेडचं पाणी

मल्लिनाथ कोरे यांना, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांना, जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत येऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. दिवस नरकचतुर्दशीचा. चौतीस वर्षं बार्शीत नगरपालिकेचं पाणी सोडलेल्या माणसाला या दिवशी अंथरुणात ऊन दिसणं म्हणजे साप दिसण्यासारखंच. ते ताडकन उठून बसले.

"महानंदा! किती वाजले?"

"सव्वासात," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "पडा अजून. रात्रभर अंगात ताप होता."

"सव्वासात?" अण्णांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "अगं, साडेतीनला सोडायचं होतं! आख्खं सांजखेड कोरडं बसलं असेल!"

चोवीस तास नळाला पाणी असणाऱ्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. ज्या गावाला ठरल्या वेळी पाणी सुटतं, तिथं एरवी लोक आपापल्या सोयीनं आंघोळी करतात. कुणी सहाला, कुणी दहाला, कुणी टाळताही येते का ते बघतो. पण नरकचतुर्दशीला गावच्या गाव तेल-उटणं लावून, सूर्य उगवायच्या आत, एकदमच न्हाणीघरात शिरतं. उन्हं वर आल्यावर जो न्हाला तो नरकात गेला, हे आज्या-पणज्यांपासून ऐकलेलं. म्हणून त्या दिवशी पाणी साडेतीनला सोडायचं आणि साडेपाचला टाकीचा तळ दिसला तरी घाबरायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पाणी सोडणाऱ्याला ते शिव्या खाऊनच कळतं. गावाला नरकातून वाचवता वाचवता अण्णा स्वतः मात्र चौतीस दिवाळ्या दहाच्या पुढंच न्हाले होते.

ते धडपडत बाहेरच्या खोलीत गेले. तिथं कोपऱ्यात फरशीत घट्ट बसवलेला कमरेइतका लोखंडी खांब होता आणि त्यावर आडवी मूठ. अगदी रस्त्यावरच्या व्हॉल्व्हला लावतात तशी चावी. खांबाला नाव होतं 'दूरचावी'. इथं अण्णांनी तेरा आटे फिरवले की तिकडं, अकोल्याच्या पलीकडं, धरणात गेलेल्या पाच वाड्यांसाठी वसवलेल्या सांजखेड नावाच्या नव्या गावात व्हॉल्व्ह तेरा आटे उघडायचा. बावीसशे घरं, सव्वीस व्हॉल्व्ह, सकाळ-संध्याकाळ. मोटर लावली की गाळात अडकतं, हाताला पाणी कळणारा जुना माणूस पाहिजे, असं निवृत्तांना काम देणाऱ्या सोलापूरच्या 'कार्यायू' केंद्रानं सांगितलं होतं. आणि हाताला पाणी खरंच कळायचं! पाइपात हवा असली की मूठ थरथरायची, दाब भरला की जड व्हायची. दहा महिन्यांत अण्णांचे दंड पुन्हा तरुणपणीसारखे झाले होते.

त्याआधीची अडीच वर्षं आठवली तरी अंगावर काटा यायचा. निवृत्त झाले, हारतुरे झाले, आणि सहा महिन्यांत माणूस मऊ पडला. साखर वाढली, जिना चढता येईना. रोज चालणं झालं, हास्यक्लब झाला, शब्दकोडी झाली, भजनी मंडळात टाळ कुटून झाला. एके दिवशी भाजी घेऊन येताना ते स्वतःच्या घराचा रस्ता विसरले आणि जकात नाक्याच्या कट्ट्यावर मेथीची जुडी मांडीवर घेऊन दोन तास बसून राहिले. तेव्हा महानंदानं त्यांना केंद्रात नेलं, मनगटाला घाम तपासणारी एक पट्टी आली, घरात खांब आला, आणि अण्णा परत माणसात आले.

आता त्यांनी टॅब उघडला. काय दिसणार ते त्यांना माहीत होतं. सातशे-आठशे तक्रारी, सरपंचाचा फोन, बायकांचा मोर्चा.

तक्रारी शून्य होत्या.

अण्णांनी डोळे चोळले. कुणी चावी फिरवली नाही तर सहाला मोटर आपोआप जेमतेम अर्धं पाणी सोडते, तसं ते सुटलं होतं. टाकी रोजच्यासारखीच हळूहळू उतरत होती. मागं एकदा मोटरनं सोडलं होतं त्या साध्या दिवसाच्या आकड्याशी त्यांनी आजचा आकडा ताडून पाहिला. दोन्हींत शंभर लिटरचाही फरक नव्हता.

चौतीस वर्षांत शिव्यांची इतकी वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती. एक तरी यावी! साडेतीनला पाणी नाही आणि बावीसशे घरांतून एक माणूस तोंडातून शब्द काढत नाही? गाव मेलं की काय?

"माझा फोन कुठाय?"

महानंदानं तो डाळीच्या डब्यामागून काढून दिला. आवाज बंद करून ठेवलेला. त्यावर चार मिस्ड कॉल होते, सव्वाचारपासूनचे, चारही एकाच माणसाचे. तेवढ्यात पाचवा आला.

"भाऊ!" पलीकडून श्वास टाकल्याचा आवाज आला. "जित्ते आहात का?"

या बेबीताई इंगोले. दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. अण्णा जसे घरबसल्या सांजखेडचं पाणी सोडायचे, तशा त्या घरबसल्या सांजखेडच्या शेवटच्या गल्लीच्या तक्रारी ऐकायच्या. गल्लीतल्या चाळीस घरांचे फोन त्यांना, आणि त्यांचा अण्णांना. कुठल्याही गावात शेवटच्या गल्लीला पाणी पोचत नाही, त्यामुळं या बाईचा फोन रोज ठरलेला. सुरुवातीला ती नुसती भांडायची. उन्हाळ्यापासून आधी तब्येत विचारायची आणि मग भांडायची. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"चुकलो ताई," अण्णा म्हणाले. "ताप होता, जाग नाही आली."

"ताप? किती होता? गोळी कोनती घेतली?" आणि मग एकदम आठवल्यासारखा आवाज चढला. "अन् इकडं मी काय सांगू लोकाइले? फोनवर फोन येऊन राह्यले मले! लेकरं तेल लावून बसले, पाण्याचा थेंब नाही! आख्खी गल्ली बोंबलून राह्यली!"

अण्णांना इतकं बरं वाटलं की ते खाटेवर बसलेच. "सोडतो ताई, आत्ता सोडतो."

"काही नका सोडू. आज चावीले हात लावू नका. पेज घेजा अन् झोपजा. गल्लीचं मी पाह्यते."

फोन बंद झाला आणि ते बरं वाटणं दोन मिनिटंही टिकलं नाही. एक गल्ली बोंबलते आणि बाकीच्या गावाला पत्ताही नाही, असं कसं? सांजखेडात शेवटची गल्ली तेवढी दिवाळी करते? अण्णा महानंदाकडं वळले. ती दारात उभी होती, हातात तेलाची वाटी, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हती.

"मला उठवलं का नाहीस?"

"सांगितलं की. ताप होता."

"दोन हजार सत्तावीस साली मला एकशे तीन ताप होता. नरकचतुर्दशीच होती. तू मला स्कूटरवर मागं बसवून, ओढणीनं तुझ्या पाठीला बांधून, साडेतीनला टाकीवर नेलंस. आठवतंय? म्हणालीस, तुमचा ताप उद्या उतरेल, गावाची आंघोळ उद्या होणार नाही."

महानंदानं वाटी या हातातून त्या हातात घेतली.

"आज बावीसशे घरं होती, महानंदा. तुला गावाची काळजी वाटली नाही?"

"गाव कुठं..." ती बोलून गेली, आणि मग पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसली. वाटीतलं तेल फरशीवर सांडलं, पण दोघांपैकी कुणीही ते पुसलं नाही. बाहेर पोरं फटाके उडवत होती.

सगळं कळायला पाव तास लागला. सांजखेड नव्हतं. पाच वाड्या नव्हत्या, धरण नव्हतं, सव्वीस व्हॉल्व्ह नव्हते. मुठीला कळायचं ते पाणी नव्हतं, खांबाच्या पोटात बसवलेली वीतभर मोटर होती. जाऊन बघून येऊ म्हटलं की महानंदाची कंबर का दुखायची तेही आज कळलं. केंद्राच्या कागदावर सही तिची होती.

"रोज चार वाजता उठून मला चहा देत होतीस," अण्णा म्हणाले. त्यांना संतापायचं होतं पण जमेना. "म्हणत होतीस, लवकर घ्या, गाव वाट बघत असेल."

"तुम्ही मेथीची जुडी घेऊन कट्ट्यावर बसला होता," ती हुंदका आवरत म्हणाली. "मला बघून म्हणालात, बाई, कोरेंचं घर कुठं हो? मी आणखी काय करणार होते?"

अण्णा उठले, खांबाच्या मुठीवर त्यांनी टॉवेल टाकला आणि त्यानंतर पाच दिवस बायकोशी एक अक्षर बोलले नाहीत.

भाऊबीज उरकल्यावर ते एकटेच सोलापूरला केंद्रात गेले. डॉ. ऋजुता पानसे त्यांच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. अण्णांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "सांजखेडची एस्टी कुठून सुटते, डॉक्टर?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी अण्णांच्या मनगटावरची पट्टी आपल्या पडद्याला जोडली, आकडा पाहिला, आणि मग लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. त्याचं अण्णांना बरंच वाटलं.

गोष्ट अशी होती. चांगली धडधाकट माणसं निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत का ढासळतात, हे शोधताना संशोधकांना घामात एक प्रथिन सापडलं. त्याला त्यांनी नाव दिलं धृतिन. मेंदूच्या तळाशी, जिथून कणा सुरू होतो तिथं, पेशींचा लहानसा पुंजका असतो, तो हे धृतिन तयार करतो. ते स्नायूंना झीज भरायला सांगतं, रोगाशी लढणाऱ्या पेशींना जागं ठेवतं, आठवणींचा कारभार चालू ठेवतं. नोकरी सुटली की ते घसरतं. चालणं, योग्य आहार, गाणं, कोडी यांनी थोडं वर येतं आणि पुन्हा बसतं. बाहेरून टोचून उपयोग नाही, रक्तात काही मिनिटांत ते मोडून जातं. ते टिकवून धरणारी एकच गोष्ट सापडली. उद्या मी नाही गेलो तर कुणाचं तरी अडेल, अशी मेंदूची खात्री.

"करमणूक चालत नाही, अण्णा. मेंदूला ती ओळखू येते. त्याला खरोखर पटावं लागतं की कुणीतरी आपली वाट बघतंय. तुमच्यासारख्यांना आम्ही खरी कामं दिली असती हो. पण उरलीत कुठं? बार्शीचे व्हॉल्व्हसुद्धा आता बार्शीत कुणी फिरवत नाही."

"असे किती लोक आहेत?"

"राज्यात? अडीच लाख."

अडीच लाख म्हातारे रोज सकाळी उठून नसलेल्या गावांना पाणी सोडतायत, नसलेल्या गाड्यांना झेंडे दाखवतायत, नसलेल्या पोरांच्या वह्या तपासतायत, आणि त्यांच्या शेजारी चहाचा कप घेऊन उभी असलेली माणसं गप्प आहेत.

"सही घरच्यांची का? माझी का नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर औषधच उरलं नसतं. कायद्यात तशी सोय आहे. कार्यक्रमात येताना तुमचं धृतिन एकोणीस होतं, आज एकाहत्तर आहे. आणि आता..." बाई थांबल्या.

"आता कळलंय. म्हणजे उतरणार."

"दीड-दोन महिन्यांत तिशीच्या खाली. मग पुन्हा... मी खोटं सांगणार नाही."

"आतापर्यंत सांगितलं तेवढं बास झालं," अण्णा म्हणाले. पण मेथीची जुडी डोळ्यांसमोरून हलेना. स्वतःच्या बायकोला 'बाई' म्हणणारा तो माणूस दोन महिन्यांच्या अंतरावर उभा होता. ते घाबरले, आणि घाबरल्याचं त्यांना लपवता आलं नाही. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला.

पेला रिकामा करून अण्णांनी विचारलं, "सांजखेडात एकही माणूस खरा नव्हता?"

"एक आहे. बेबीताई."

"त्या तुमच्या पगारी?"

"छे! त्या तुमच्यासारख्याच. मुलगा-सून घेऊन आले होते त्यांना. गल्लीतली चाळीस घरं आपल्यावर अवलंबून आहेत असं त्यांना वाटतं. ते सगळे आवाज यंत्राचे. दोन माणसं एकमेकांशी जोडली की परिणाम चांगला येतो, म्हणून त्यांना तुमच्याशी जोडलं."

अण्णांना बेबीताईंची कीव आली. ती खरी, आपण खरे, आणि मधे गाव तेवढं खोटं. मग नरकचतुर्दशीचा तो फोन आठवला आणि पाणी सोडणाऱ्याचं डोकं सवयीनं हिशेब मांडू लागलं.

"डॉक्टर, त्या दिवशी पहाटे गल्लीतून बेबीताईंना किती फोन गेले?"

बाईंनी पडद्यावर शोधलं. "एकही नाही. हीच आमची चूक झाली ना! गाव रचणारी मुलं चोवीस तास पाण्याच्या इमारतींमध्ये वाढलेली. नरकचतुर्दशीला गाव पहाटे साडेतीनला पाणी मागतं हे त्यांना माहीतच नव्हतं. यंत्राला कोण सांगणार? त्यामुळं ना तुम्हाला तक्रार आली, ना त्यांना."

"नीट बघा. एकही नाही?"

"नाही हो."

फोनवर फोन येऊन राह्यले मले. लेकरं तेल लावून बसले. आख्खी गल्ली बोंबलून राह्यली.

सांजखेड खोटं आहे हे कळलं तेव्हा बसला त्याच्या दुप्पट धक्का हा होता. गल्लीतून एक फोन आला नव्हता आणि ती बाई गल्ली बोंबलतेय म्हणून सांगत होती. सव्वाचारपासून पाच वेळा फोन केला तिनं, आणि पहिला शब्द पाण्याचा नव्हता. जित्ते आहात का, हा होता. तिला ठाऊक होतं. गाव नाही, गल्ली नाही, सगळं ठाऊक होतं.

केव्हापासून? अण्णा मागं मागं गेले आणि अखजीपाशी येऊन थांबले. अक्षय्य तृतीयेला वऱ्हाडात पितरांच्या नावानं घागर भरतात, घरोघरी पाणी जास्त लागतं. त्या दिवशी ताईंचा फोन आला होता: "घागरीचं पाणी सोडजा भाऊ. गल्लीतून कोनी मागतलं नाही, नवलच आहे. पन मी मागते." दुसऱ्या दिवसापासून तिचं बोलणं बदललं होतं. जेवले का, गोळी घेतली का, आणि मग तक्रार. अण्णांना दिवाळीला कळलं ते तिला अखजीलाच कळलं होतं. वैशाखातल्या उन्हात त्या बाईला, एकटीला, असाच धक्का बसला असेल. तरी तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. सहा महिने रोज केला, कारण पलीकडे एक म्हातारा होता आणि त्याला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं नर्स होती ती. तिला पेशंट दिसला होता.

"त्यांचं धृतिन किती?" अण्णांनी विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"तेच तर कोडं आहे," डॉक्टरबाई उत्साहानं पुढं झुकल्या. "पंच्याऐंशी! सगळ्यांचं काही महिन्यांनी स्थिर होतं. त्यांचं मे महिन्यापासून चढतंच आहे. आम्हाला कारण सापडत नाही."

कारण खुर्चीत बसलं होतं. अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. यांना सांगितलं की हे ताईंना मोकळं करतील. कळलेल्या माणसाला कार्यक्रमात ठेवायचं नाही असा यांचा नियम.

"मग आता तुमचं खातं बंद करते," बाई म्हणाल्या. "ताईंची काळजी करू नका. उद्यापासून यंत्र तुमच्या आवाजात बोलेल. त्यांना कळणारही नाही."

"कळेल," अण्णा म्हणाले.

"कसं?"

"यंत्राला ताप येतो का? ताईंनी विचारलं की गोळी घेतली का, तर ते हो म्हणेल. मी तीन वेळा नाही म्हणतो आणि शिव्या खाऊन मग घेतो." ते उठले. "खातं बंद करू नका. उद्यापासून मी चावी फिरवतो."

"पण अण्णा, आता तुम्हाला माहीत आहे! तुमचा काही फायदा होणार नाही."

"माझं राहू द्या हो." बाईंनी खातं बंद करायला उचललेलं बोट मागं घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी मुठीवरचा टॉवेल काढला. मूठ थरथरली, जड झाली. पोटातली मोटर आता कळत होती. सव्वीस वेळा नसलेलं पाणी सोडून ते घामाघूम झाले आणि ठरल्या वेळी फोन वाजला.

"आलं का बरं वाटून? पाच दिवस मोटरीचं अर्धं पाणी! गल्लीनं माझा जीव खाल्ला ना भाऊ!"

आयुष्यात अण्णा साहेबांशी खोटं बोलले होते, नगरसेवकांशी तर रोज. पण या एका वाक्याला त्यांची जीभ लुळी पडली. पलीकडून वाट बघणारा श्वास ऐकू येत होता.

"सांगा गल्लीला," ते कसेबसे म्हणाले, "उद्यापासून दहा मिनिटं वाढवून देतो. शेवटची गल्ली असली म्हणून काय झालं? माणसंच राहतात ना तिथं?"

"राह्यतात ना," बेबीताई म्हणाल्या. "गोळी घेतली?"

"नाही."

"घ्या मुकाट्यानं!"

पुढचे दीड महिने अण्णा रोज मनगटावरच्या पट्टीकडं बघून उठायचे. रोज रस्ते आठवून पाहायचे; जकात नाका, भाजी मंडई, डावीकडं वळलं की आपलं घर. महानंदाशी बोलणं सुरू झालं होतं, पण कामापुरतं. मीठ दे, दार लाव. ती पूर्वीसारखी चार वाजता उठत होती, चहा पुढं ठेवत होती, आणि गाव वाट बघत असेल हे मात्र म्हणत नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या जवळजवळ ओरडतच होत्या. "अण्णा, तुमच्या पट्टीचा आकडा इथं आलाय, आम्ही तीन वेळा तपासला! तुमचं आतापर्यंत तिशीच्या खाली यायला हवं होतं. अठ्ठ्याहत्तर आहे! तुम्ही दुसरं काही काम धरलंय का? खरं सांगा."

"नाही हो," अण्णा म्हणाले. "तेच पाणी सोडतोय."

फोन ठेवून ते खाटेवर बसले. अठ्ठ्याहत्तर. गाव खोटं होतं, पण एका बाईचं त्यांच्यावाचून अडत होतं, आणि तेवढं मेंदूला पुरलं होतं. हे तिला या जन्मात सांगता येणार नव्हतं. सांगितलं तर तिचा पेशंट बरा झाला, आणि पेशंट नसलेल्या नर्सचं काय होतं ते अण्णांना चांगलंच माहीत होतं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी बायकोशी अबोला धरला, तीच गोष्ट ते रोज सकाळी स्वतः करत होते, आणि उद्याही करणार होते. हे मनात आलं तसे ते दचकले. महानंदानं हे दहा महिने केलं होतं! त्यांना दीड महिन्यात घाम फुटला होता.

महानंदा चहा घेऊन आली. ती किती वाळली होती ते अण्णांनी त्या दिवशी पाहिलं.

"महानंदा," ते म्हणाले, "रोज माझ्या तोंडाकडं बघून गाव वाट बघतंय म्हणायचीस. कसं जमलं गं तुला?"

तिनं कप त्यांच्या हातात दिला.

"तुम्हाला आता जमतंय तसंच," ती म्हणाली.

अण्णांच्या हातातला चहा बशीत सांडला. बेबीताईंचं त्यांनी कुणाला, अगदी कुणालाही, सांगितलं नव्हतं. पण त्यांचं फोनवरचं बोलणं ती रोज चहा घेऊन शेजारी उभी राहून ऐकत होती. बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला.

"उचला," महानंदा पदरानं बशी पुसत म्हणाली. "तिकडं कुणाचं तरी अडलं असेल."